सोलापूरच्या नावाखाली आंबोलीचा पाऊस

एका वेब अ‍ॅपच्या स्क्रीनवर, वरच्या बाजूला ठळक अक्षरांत 'सोलापूर'. खाली आकडा: 'गेल्या ७ दिवसांचा पाऊस ४१२ मिमी'. सोलापुरात अख्ख्या वर्षात सरासरी ५५०-६०० मिमी पाऊस पडतो. आठवड्याभरात ४१२ पडला असता तर ती पहिल्या पानावरची बातमी झाली असती.

आकडा खरा होता, पण आंबोलीचा. मी स्वतः लिहिलेलं छोटंसं वेब अ‍ॅप होतं ते. यादीतून आधी आंबोलीवर बोट पडलं, लगेच सोलापूर निवडलं, आणि नाव एका गावाचं, पाऊस दुसऱ्या गावाचा असं होऊन बसलं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका नोंदवणाऱ्या खिडकीत, एकही एरर नव्हती. नेटवर्क टॅबमध्ये दोन्ही रिक्वेस्टसमोर २०० हा यशाचा कोड. सर्व्हरने दिलेली दोन्ही उत्तरं बरोबर, आणि तरी स्क्रीनवरचं वाक्य खोटं.

कृषी विभाग दर खरिपात सांगतो, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. असा चुकीचा आकडा पाहून कुणी बियाणं जमिनीत टाकलं आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्या डोक्यावर. म्हणून 'लांबच्या सर्व्हरवरून डेटा आणायचा आणि कंपोनंटमध्ये दाखवायचा' हा विषय मला चार ओळींच्या ट्यूटोरियलपुरता वाटत नाही. आणणं सोपं आहे. जे आणलं आणि जे दाखवलं ते एकमेकांशी सतत जुळत ठेवणं, खरी मेहनत तिथे आहे.

उदाहरणासाठी रिअ‍ॅक्ट (स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्टमधली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) घेतो, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. व्ह्यू किंवा स्वेल्ट ही तशीच साधनं वापरणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडतात, फक्त शब्द बदलतात. डेटासाठी ओपन-मेटिओ. ही हवामानाची सेवा गैरव्यावसायिक वापराला मोफत आहे आणि एपीआय की, म्हणजे नोंदणी करून मिळणारा कोड, तोसुद्धा लागत नाही. अक्षांश-रेखांश द्या, पावसाचे आकडे जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुराच्या साच्यात, परत येतात.

दळण टाकून येणं

कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा आणि तो कसा दिसावा हे सांगणारं फंक्शन. रिअ‍ॅक्ट त्या फंक्शनला विचारतं, 'आत्ता तुला जे माहीत आहे त्यावरून काय दाखवू?' आणि फंक्शनने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं. याला रेंडर म्हणतात. 'आत्ता जे माहीत आहे' ते ज्यात साठवतो ती स्टेट. स्टेट बदलली की रिअ‍ॅक्ट पुन्हा विचारतं.

अडचण वेळेची आहे. ब्राउझर बहुतेक स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. उलट ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून न्यूयॉर्कला सरळ रेषेत जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद लागतात. सर्व्हरचं काम, मोबाइल टॉवर, सरळ रेषेत नसलेल्या केबल, हे सगळं वर. कंपोनंट उत्तराची वाट पाहत उभा राहिला तर तेवढा वेळ अख्खं पान गोठेल.

म्हणून आपण गिरणीवर दळण टाकतो तसं करायचं. डबा ठेवायचा, 'झालं की सांगा' म्हणायचं आणि घरी येऊन पुढच्या कामाला लागायचं. जावास्क्रिप्टमध्ये 'फेच'ला कॉल केला की लगेच हातात पडतं ते प्रॉमिस, म्हणजे दळण मिळेल असा शब्द. पीठ नव्हे. पीठ तयार झालं की 'देन' किंवा 'अवेट'च्या पुढचा कोड चालतो, तो मिळालेला डेटा स्टेटमध्ये टाकतो, स्टेट बदलते आणि रिअ‍ॅक्ट नव्या माहितीने पुन्हा रेंडर करतं.

ही सोय जुनीच आहे. पान रिफ्रेश न करता सर्व्हरशी बोलण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट आणली, २००५ मध्ये या पद्धतीला एजॅक्स हे नाव पडलं, आणि २०१५ पासून ब्राउझरमध्ये सुटसुटीत 'फेच' येत गेलं. डबा कुठे ठेवायचा ते बदलत गेलं. दळणाची वाट पाहणं तेच.

शून्य आणि 'अजून माहीत नाही'

पहिल्या रेंडरच्या वेळी आपल्याकडे काहीही नसतं. इथे बरेच जण, मीही सुरुवातीला, पावसाची स्टेट ० पासून सुरू करतात. आकड्यासाठी आकडा, सोयीचं वाटतं. पण मग उत्तर येईपर्यंत स्क्रीन म्हणते 'पाऊस ० मिमी'. नेटवर्क चांगलं असेल तर हे डोळ्याला दिसतही नाही. वाडीवर, एक काडी रेंज असलेल्या फोनवर, ते दहा-पंधरा सेकंद तसंच राहतं. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ 'कोरडं गेलं' असाच घ्यावा, कारण आपण तसंच लिहिलंय.

सुरुवात 'नल'ने करा, म्हणजे 'माहीत नाही'. आणि लगेच पुढच्या खड्ड्याकडेही बघा. जावास्क्रिप्ट अटींमध्ये शून्याला 'खोटं' मानते. 'पाऊस असेल तर आकडा दाखव, नाहीतर माहिती उपलब्ध नाही असं लिही' अशी अट घातलीत तर खरोखरच्या कोरड्या आठवड्यालाही 'माहिती उपलब्ध नाही' असं छापलं जाईल. त्या दिवशी डेटा आलेला असतो, अचूक असतो, आणि आपणच तो दडवतो. नेमकं विचारा: हे 'नल' आहे का? पाऊस शून्य असणं हीसुद्धा माहिती आहे, आणि दुष्काळी तालुक्यात तर तीच सगळ्यात महत्त्वाची.

यातूनच स्टेटची नीट मांडणी निघते. 'लोडिंग' एक खरं-खोटं, 'एरर' दुसरं, 'डेटा आहे का' तिसरं, असे तीन वेगवेगळे झेंडे ठेवले की त्यांच्या ८ जोड्या होतात. लोडिंगही चालू आणि एररही आलेली, अशा विचित्र जोड्या त्यात असतात आणि कधीतरी स्क्रीनवर येतातच. त्यापेक्षा एकच 'स्थिती' ठेवा आणि ती एका वेळी एकच असू द्या: येतंय, आलं, चुकलं. यादी दाखवायची असेल तर 'आलं, पण यादी रिकामी आहे' ही अवस्था वेगळी धरा. तिच्यासाठी वेगळं वाक्य लिहा. नुसती पांढरी जागा दिसली की माणूस अ‍ॅप बंद पडलं असं समजतो.

कॉल कधी मारायचा

डेटा मागवण्याचा कॉल थेट रेंडरमध्ये मारायचा नाही. कारण रेंडर कधी आणि किती वेळा होईल ते रिअ‍ॅक्ट ठरवतं. त्यासाठी 'यूजइफेक्ट' आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ या आवृत्तीबरोबर हुक्स, म्हणजे कंपोनंटला स्टेटसारख्या सोयी जोडणारी फंक्शन्स, आले, त्यातला हा एक. त्याला आपण दिलेलं फंक्शन म्हणजे इफेक्ट. रेंडर होऊन स्क्रीनवर गेलं की मग इफेक्ट चालतो. सोबत डिपेंडन्सीची यादी द्यायची: यातलं काही बदललं तरच पुन्हा चालव. आपल्या बाबतीत यादीत एकच गोष्ट, निवडलेलं गाव.

यादी द्यायला विसरलात तर? रेंडर झालं, इफेक्टने कॉल मारला, उत्तर आलं, स्टेटमध्ये नवा ऑब्जेक्ट गेला, पुन्हा रेंडर, पुन्हा इफेक्ट, पुन्हा कॉल. हे चक्र टॅब बंद करेपर्यंत थांबत नाही.

यादी दिली तरी एक बारकी चूक उरते. गावाचे अक्षांश-रेखांश एकत्र करून कंपोनंटच्या आतच एक ऑब्जेक्ट बनवला आणि तो यादीत टाकला, तर दर रेंडरला तो ऑब्जेक्ट नव्याने बनतो. आतले आकडे तेच असले तरी जावास्क्रिप्टच्या लेखी तो दुसरा ऑब्जेक्ट, म्हणून रिअ‍ॅक्टला वाटतं काहीतरी बदललं. ही नवशिक्यांची चूक नव्हे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचा डॅशबोर्ड आणि त्यांचे बरेच एपीआय बंद पडले, त्यात हेच एक मुख्य कारण होतं. डॅशबोर्डमधल्या एका यूजइफेक्टच्या यादीत दर वेळी नव्याने बनणारा ऑब्जेक्ट होता. त्यामुळे एकच कॉल विनाकारण पुन्हा पुन्हा जात राहिला आणि त्यांची टेनंट सर्व्हिस (विनंत्यांचे अधिकार तपासण्यात भाग घेणारी) त्या भाराखाली कोलमडली. त्याच वेळी त्या सर्व्हिसवर एक अपडेटही चालू होतं. त्यांनी हे स्वतः जाहीरपणे, तपशिलासह लिहिलं, याचं मला कौतुक वाटतं. यादीत साधे आकडे किंवा साधं नाव टाका. 'सोलापूर' हा शब्द दर वेळी 'सोलापूर'च असतो.

डब्यावरचं नाव

आता मूळ दुखण्याकडे. आंबोली निवडलं, पहिला कॉल गेला. अर्ध्या सेकंदात सोलापूर निवडलं, दुसरा कॉल गेला. आधी गेलेला आधी परत येईल अशी हमी इंटरनेट देत नाही. सोलापूरचं उत्तर ३०० मिलिसेकंदांत आलं, स्क्रीनवर ९ मिमी दिसलं. आंबोलीचं उत्तर कुठेतरी अडकलं होतं, ते दोन सेकंदांनी आलं. त्याच्या पुढचा कोड निमूटपणे चालला: स्टेटमध्ये टाक ४१२. शेवटी येणारा जिंकतो, आणि शेवटी येणारा शेवटी विचारलेला असेलच असं नाही. याला रेस कंडिशन म्हणतात.

गिरणीवर हे होत नाही, कारण डब्यावर नाव असतं. गव्हाचा डबा आणि ज्वारीचा डबा मागे-पुढे झाले तरी झाकणावरची चिठ्ठी वाचूनच आपण डबा उचलतो. आपल्या कोडमध्ये ती चिठ्ठी वाचलीच जात नव्हती. जो डबा येईल तो ओतला.

रिअ‍ॅक्टने यासाठी जागा करून ठेवली आहे. इफेक्टमधून आपण एक फंक्शन परत देऊ शकतो, त्याला क्लीनअप म्हणतात. गाव बदललं की नवा इफेक्ट चालण्याआधी जुन्याचं क्लीनअप चालतं. तर इफेक्टच्या सुरुवातीला 'दुर्लक्ष' नावाचा एक झेंडा खाली ठेवायचा, क्लीनअपमध्ये तो वर करायचा, आणि उत्तर आल्यावर स्टेटला हात लावण्याआधी बघायचं: झेंडा वर आहे का? असेल तर हे उत्तर जुन्या प्रश्नाचं आहे, सोडून द्या. प्रत्येक इफेक्टचा झेंडा स्वतंत्र असल्यामुळे आंबोलीचा वर होतो, सोलापूरचा खालीच राहतो. मोजून तीन ओळी. माझ्या अ‍ॅपमध्ये त्या तीन ओळी नव्हत्या.

याच्या जोडीला अबॉर्टकंट्रोलर वापरा. तो जुनी रिक्वेस्टच तोडतो, म्हणजे नको असलेला डेटा वापरणाऱ्याचा नेट पॅक खात नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तोडलेली रिक्वेस्ट 'अबॉर्टएरर' नावाची चूक फेकते. ती आपणच घडवलेली असते, तिच्यासाठी लाल पाटी दाखवू नका. आणि अबॉर्ट आहे म्हणून झेंडा काढून टाकू नका. उत्तर पूर्ण येऊन गेलं असेल आणि त्यावर तुमचं काही आकडेमोडीचं काम पुढे चालू असेल, तर अबॉर्ट तिथे पोचत नाही. झेंडा पोचतो.

'डेव्हलपमेंटमध्ये माझा कॉल दोनदा जातो' ही तक्रारही इथेच मिटते. रिअ‍ॅक्ट १८ पासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, स्ट्रिक्टमोड (चुका लवकर उघड्या पाडणारी सोय) मुद्दाम इफेक्ट एकदा चालवतो, क्लीनअप करतो आणि परत चालवतो. हे फक्त डेव्हलपमेंटमध्ये होतं, लोकांपर्यंत जाणाऱ्या बिल्डमध्ये नाही. अनेक जण वैतागून स्ट्रिक्टमोडच काढून टाकतात. काढू नका. तुमचं क्लीनअप नीट आहे की नाही हे तो फुकटात तपासून देतो.

उत्तर आलं, पण नकाराचं

'फेच'ची एक सवय ठाऊक नसेल तर हमखास दगा होतो. सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) दिलं तरी फेच त्याला चूक मानत नाही. प्रॉमिस मोडतं ते कनेक्शन न होण्यासारख्या अडचणींत किंवा रिक्वेस्ट तोडल्यावर. त्याच्या दृष्टीने उत्तर आलं, काम झालं. आत काय लिहिलंय ते आपण वाचायचं. २०० ते २९९ दरम्यानच्या कोडलाच 'रिस्पॉन्स डॉट ओके' खरं असतं, ते आधी तपासा. ओपन-मेटिओला चुकीचा अक्षांश दिला तर ४०० कोड येतो आणि जेसनमध्ये काय चुकलं ते लिहिलेलं येतं. न तपासता तेच स्टेटमध्ये टाकलं आणि रेंडर करताना त्यात पावसाची यादी शोधली, तर ती सापडत नाही, कंपोनंट फुटतो, आणि एरर बाउंडरी, म्हणजे अशी चूक झेलणारा कंपोनंट, लावली नसेल तर रिअ‍ॅक्ट अख्खं पान काढून टाकतं. वापरणाऱ्यासमोर पांढरा पडदा.

दुसरी सवय: फेचला स्वतःची वेळमर्यादा नाही. घाटात रेंज अर्धवट गेली की 'येतंय' ही पाटी मिनिटभरही फिरत राहू शकते. 'अबॉर्टसिग्नल डॉट टाइमआउट'ला १०,००० मिलिसेकंद द्या आणि मग स्पष्ट सांगा: 'माहिती आणता आली नाही. रेंज तपासून पुन्हा प्रयत्न करा.' खाली बटण. 'समथिंग वेंट राँग' असं इंग्रजीतून सांगण्यापेक्षा हे दहापट उपयोगी आहे. आणि हे वाक्य स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा 'अलर्ट' भूमिकेच्या चौकटीत ठेवा. दिसत नसलेल्या माणसालाही कळायला हवं की उत्तर आलेलं नाही.

आकडा आला, तरी कोणत्या दिवसाचा?

रोजच्या बेरजा मागताना ओपन-मेटिओला टाइमझोन सांगावा लागतो. तिथे आशिया-कोलकाता लिहा. ग्रीनिच वेळ दिलीत तर दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मध्यरात्री कोसळलेला पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात जातो. शिवाय भारतीय हवामान विभाग २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजतो, त्यामुळे वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमच्या कंपोनंटमधला आकडा जुळणार नाहीत. त्यात ओपन-मेटिओचे आकडे हवामान मॉडेलमधून आलेले अंदाज असतात, तुमच्या मंडळातल्या पर्जन्यमापकात साचलेलं पाणी नव्हे. हे आकड्याखाली बारीक अक्षरांत का होईना लिहा. पेरणीचा निर्णय घेणाऱ्याला ते कळायलाच हवं.

आकडा छापताना 'एमआर-आयएन' हे लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची खूण, दिलं की ब्राउझर स्वतःच ४१२ असे देवनागरी अंक आणि लाखाच्या जागी लाखाचा स्वल्पविराम देतो. वेगळी लायब्ररी लागत नाही.

हे सगळं दर कंपोनंटमध्ये हाताने लिहायचं का? नाही. दोन-तीन ठिकाणांहून डेटा येऊ लागला की टॅनस्टॅक क्वेरी किंवा एसडब्ल्यूआर घ्या, असंच मी सांगेन. त्या दोन्ही लायब्रऱ्यांत प्रत्येक मागणीला एक 'की' द्यावी लागते: पाऊस, सोलापूर, ७ दिवस. ही की म्हणजे डब्यावरची चिठ्ठीच. उत्तर त्या नावाच्या कप्प्यात जातं, त्यामुळे आंबोलीचं उत्तर कितीही उशिरा आलं तरी आंबोलीच्याच कप्प्यात पडतं. वर कॅश, म्हणजे आलेल्या उत्तरांचा साठा, मिळते. एसडब्ल्यूआर हे नावच २०१० च्या इंटरनेटविषयीच्या एका तांत्रिक दस्तऐवजातल्या कल्पनेवरून आलंय: जुनं आहे ते आधी दाखव, मागून ताजं आण. रेंज नसलेल्या जागी ही पद्धत फार कामाची आहे, एक अट पाळली तर. जुना आकडा जुना आहे हे दिसलं पाहिजे. 'आज सकाळी ७:१० ची माहिती' असं आकड्याशेजारी लिहा. पण लायब्ररी घेण्याआधी एकदा तरी हाताने लिहून बघा. की मध्ये गावाचं नाव टाकायला विसरलात तर लायब्ररीही आंबोलीचा पाऊस सोलापूरला देईल, आणि तेव्हा कुठे बघायचं हे आधी हाताने लिहिलेल्यालाच सुचतं.

तुमच्याकडे आत्ता असा एखादा कंपोनंट असेल तर पाच मिनिटांची तपासणी करा. कोडमध्ये उत्तर आल्यानंतर, फक्त आंबोलीसाठी, तीन सेकंदांचा मुद्दाम उशीर घाला. आंबोली निवडा, लगेच सोलापूर निवडा, आणि हात बाजूला ठेवून बघत बसा. झेंडा नसेल तर आधी ९ मिमी येईल आणि थोड्या वेळाने, काहीही न करता, त्याचे ४१२ होतील. मग झेंड्याच्या तीन ओळी घालून तेच करा. नंतर तो मुद्दामचा उशीर काढा, अबॉर्टकंट्रोलर जोडा, क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग लावून वेग थ्रीजीवर आणा आणि पुन्हा तीच दोन गावं निवडा. आंबोलीच्या ओळीत 'कॅन्सल्ड' दिसेल, सोलापूरच्या ओळीत २००, आणि स्क्रीनवर सोलापूरच्या नावाखाली ९ मिमी. ते तसेच राहतील.